पबमधला एकच प्रयोग

महोदय,

नाटकाच्या संहितेला आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर वाद होतो तेव्हा चेकोस्लोव्हाकियातल्या एका हौशी नाट्यसंघाचीही आठवण ठेवावी. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर तिथे वाक्लाव हावेल यांच्या नाटकांवर बंदी आली. तरीही १ नोव्हेंबर १९७५ रोजी आन्द्रेई क्रोब यांनी मित्रमंडळींना घेऊन प्रागच्या कडेला, होर्नी पोचेर्नित्सेतल्या एका पबच्या सभागृहात हावेल यांचा 'बेगर्स ऑपेरा' केला. (जॉन गे यांच्या ज्या मूळ कृतीवर तो बेतला आहे, तिथूनच ब्रेख्तमार्गे पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला.) सुमारे ३०० प्रेक्षक होते. तो प्रयोग पहिला आणि शेवटचा ठरला. पोलिसांनी चौकशा लावल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. याहून नीच गोष्ट पुढेच आहे: हावेलमुळे आता सगळ्याच रंगभूमीवर निर्बंध वाढतील, असं प्रागच्या नाट्यगृहांत सांगितलं गेलं. कलावंतांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याची ही रीत मला बंदीपेक्षाही घातक वाटते. संघ मात्र मोडला नाही. 'दिवाद्लो ना ताहु' या नावाने तो हावेल यांची नाटकं करत राहिला. एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांनी हा इतिहास आपल्या तरुण रंगकर्मींपर्यंत जरूर पोहोचवावा.

– एक नाट्यरसिक, पुणे