सनद एका राज्याची, वकिली दोन राज्यांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात अमळनेरच्या मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याने मला थांबवून विचारले, "ताई, तुम्हनी सनद आठे चालस का? तुम्ही त सुरतना वकील शेतस." शेजारी हमाल पोती मोजत होते, गलका चालू होता. मी "चालते, दादा" एवढेच म्हणाले आणि निघाले. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. गुजरातहून परतल्यापासून हा प्रश्न, म्हणजे तिकडची सनद (वकिलीचा परवाना) इथे चालते का, मला इतक्या जणांनी विचारला आहे, आणि त्यात काही वकीलही आहेत, की एकदा सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. खान्देशच्या व्यापाराला दोन राज्यांच्या सीमा लागून आहेत. कपडा सुरतहून येतो, केळी रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाते, नंदुरबारची मिरची कुठल्या कुठे जाते. माल सीमा ओलांडतो तसे पैशाचे वादही ओलांडतात, आणि तिथे आपला माणूस गोंधळतो.

माझे माहेर धरणगाव तालुक्यातले. लग्नानंतर सुरतला गेले, तिथेच २००६ साली गुजरातची सनद घेतली आणि तेरा वर्षे व्यापाऱ्यांची कामे केली. ग्रे कापडाचे सौदे, जॉबवर्कचे करार, दलालीचे हिशेब, भागीदारी मोडताना होणारी वाटणी. खून-मारामारीच्या खटल्यांत मी कधी उभी राहिले नाही. २०१९ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि आम्ही अमळनेरला परतलो.

१९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिलाचे नाव एका वेळी एकाच राज्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, यादीवर राहते. कलम १७ तसे स्पष्ट सांगते. राज्य बदलले तर कलम १८ खाली भारतीय बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. पहिल्या यादीतून नाव निघते आणि दुसऱ्या यादीत चढते. नवी परीक्षा नाही, ज्येष्ठता जशीच्या तशी राहते, आणि नावाच्या या बदलीसाठी शुल्क घेऊ नये असे कायद्याच्या मजकुरातच आहे. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा अर्जामागचा हेतू शुद्ध नसेल, तर अर्ज फेटाळता येतो. अर्जात कारण लिहायचे होते. मी "सासूबाईंची देखभाल" एवढे दोन शब्द लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. तेरा वर्षांत उभी केलेली वकिली त्या दोन शब्दांनी बंद होणार होती. माझ्या सनदेचा नंबर 'जी' ने सुरू व्हायचा, आता 'एमएएच' ने होतो.

पण त्या यार्डातल्या दादांना सांगायची खरी गोष्ट पुढेच आहे. मी नाव बदलून घेतले नसते तरीही मला अमळनेरच्या कोर्टात उभे राहता आले असते. कलम ३० म्हणते की कोणत्याही राज्याच्या यादीवरचा वकील देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करू शकतो. कायदा १९६१ चा असला तरी हे एक कलम लागू व्हायला १५ जून २०११ उजाडावा लागला. पन्नास वर्षे ते छापलेले होते आणि निजलेले होते. आता ते जागे होऊनही इतकी वर्षे झाली, तरी आमच्या पक्षकारांच्या आणि काही कोर्टांच्या खिडक्यांच्या ध्यानात ते अजून आलेले नाही.

मग मी नाव का बदलून घेतले? बार कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायचे, वकील कल्याण निधीचा सभासद व्हायचे, तर जिथे रोज उठून कोर्टात जायचे तिथल्या यादीवर नाव असणे बरे. आणि खरे सांगायचे तर मला इथलीच म्हणवून घ्यायचे होते.

खिडकीचा अनुभव सांगते. २०२२ मध्ये रावेरच्या एका केळी उत्पादकाचा हुकूमनामा घेऊन मी शेजारच्या राज्यातल्या एका कोर्टात गेले. दावा आपल्याकडे जिंकलेला होता, पण देणेकऱ्याची जमीन आणि दुकान सीमेपलीकडे, म्हणून वसुलीची दरखास्त तिकडे वर्ग झालेली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने माझे वकीलपत्र न वाचताच परत सरकवले. स्थानिक वकील लावा म्हणाला. माझ्या मागे तो शेतकरी उभा होता. बाहेरगावी कोर्टात जायचे म्हणून घातलेला धुवट पांढरा सदरा, हातात पिशवी, पिशवीत तीन ट्रक केळीच्या वजनाच्या पावत्या. "ताई, म्हणजे आपण हारलो का?" असे त्याने मला हळूच विचारले. जिंकलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न यावा याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कलम ३० ची प्रत आणि २०११ च्या अधिसूचनेची प्रत माझ्या फाइलमध्ये कायम असते. ती घेऊन मी थेट न्यायाधीशांपुढे गेले. त्यांनी वाचली आणि दोन मिनिटांत वकीलपत्र रेकॉर्डवर घेतले.

याला एक बाजू आहे, ती लपवणार नाही. कलम ३४ प्रमाणे उच्च न्यायालये आपल्या हद्दीतल्या वकिलीबाबत नियम करू शकतात. बाहेरच्या यादीवरच्या वकिलाने सोबत स्थानिक वकील द्यावा, असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तो वैध ठरवला. म्हणून दुसऱ्या राज्यात पाय ठेवण्यापूर्वी तिथल्या उच्च न्यायालयाचे नियम वाचावेत. मी ते वाचूनच गेले होते. नियम असेल तर पाळू, पण नसलेला नियम खिडकीवर तयार होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. न्यूयॉर्कच्या वकिलाला कॅलिफोर्नियात नियमित वकिली करायची तर तिथली परीक्षा द्यावी लागते, मग तो कितीही जुना असो. आपल्याकडे ती भिंत कायद्याने काढून टाकली आहे. चार्टर्ड अकाउंटंटला तर ती कधी नव्हतीच. जळगावचा सीए सुरतला ऑडिटला गेला तर त्याला कोणी विचारत नाही की तू कुठल्या राज्याचा.

मात्र परवानगी मिळाली म्हणजे तयारी झाली, असे होत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आणि ती चूक इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. परतल्यावर पहिल्याच वर्षी एका डाळ व्यापाऱ्याचे गोदाम भाड्याने देण्याचा करार मी केला. अकरा महिने मुदत, दोन साक्षीदार, नोटरी. सुरतला मी असे कितीतरी करार केले होते. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. वर्षभरात वाद निघाला. भाडेकरू म्हणाला, भाडे नऊ हजार नव्हे, सहा हजार ठरले होते. सुदैवाने दरमहा नऊ हजार बँकेतून जमा होत होते, त्या पासबुकाने आम्ही वाचलो. धुळ्याच्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला समोर बसवून कलम वाचून दाखवले, आवाज न चढवता. मी त्या व्यापाऱ्याची फी परत केली आणि पुढचे दोन महिने रोज रात्री महाराष्ट्राचे कायदे नव्याने वाचले.

व्यापारी कायद्याचा मोठा भाग देशभर एक आहे. १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्रीचा कायदा, लवाद, कंपन्या, चेक, सगळे केंद्राचे. तेवढे सामान वकिलाबरोबर गाडीत बसून येते. बदलते ते स्टॅम्प, भाडे, कोर्ट फी, बाजार समिती आणि भाषा. आणि पक्षकाराचे नुकसान होते ते नेमके इथेच. स्टॅम्पचेच घ्या. गुजरात आणि महाराष्ट्र या दोघांचाही स्टॅम्प कायदा मूळचा एकच, १९५८ चा मुंबईचा. १९६० ला राज्ये वेगळी झाली आणि दोघांचे दर आपापल्या वाटेने गेले. आपल्याकडे बऱ्याच दस्तांचा शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. सुरतला सही केलेला, पण इथल्या मालमत्तेचा किंवा इथल्या व्यवहाराचा करार इथल्या कोर्टात दाखल करायचा, तर कमी पडणारा स्टॅम्प आधी भरावा लागतो. तो भरेपर्यंत कागद पुराव्यात वाचला जात नाही, वर दंड वेगळा. हे करार करताना सांगितले तर काही रुपयांचे काम असते.

भाषेचे तर विचारूच नका. गुजरातीला शिरोरेघ नाही. अमळनेरच्या कोर्टात पहिले काही महिने हाताने पुरसीस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) लिहिताना माझी शिरोरेघ राहून जायची. शिरस्तेदार कागद वर धरून म्हणायचे, "मॅडम, छप्पर राहिले." मग मी पट्टी न घेता एकेका शब्दावर रेघ ओढत बसे. तिकडे कोर्टाच्या तारखेला 'मुदत' म्हणतात, इकडे मुदत म्हटले की दावा किती काळात लावायचा हे सांगणारा मुदतीचा कायदा आठवतो. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण पक्षकाराला फोनवर "मुदत पडली" म्हटल्यावर त्याला वाटले, दावाच मुदतबाह्य झाला. बिचारा रात्रभर झोपला नाही.

आता व्यापारी बंधूंना कळकळीने सांगते. वकिलाला "सनद आठे चालस का" हे विचारू नका, ती चालते. "या राज्याच्या स्टॅम्पचे, भाड्याचे काम तुम्ही केले आहे का?" हे विचारा. सुरतहून येणारे कपड्याचे बिल हातात आले की रक्कम बघून खिळ्याला लावू नका. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, 'सुरत न्यायक्षेत्राला अधीन'. त्या ओळीच्या आधारावर उद्या वाद सुरतला ओढला जातो, किंवा दावा कुठे चालवायचा यावरच वर्ष निघून जाते. सौदा करतानाच ती ओळ बदलून मागा. समोरच्याचा चेक परत आला तर मात्र धावत परराज्यात जाऊ नका. २०१५ च्या दुरुस्तीपासून, तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद चालते. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ही तारीख चुकलेले किती लोक माझ्याकडे येतात! त्यांना परत पाठवताना जीव तुटतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या वकील संघांनाही विनंती आहे. वर्षातून दोनदा सुरत आणि बऱ्हाणपूरच्या वकिलांबरोबर एकत्र बसावे, त्यांनी त्यांचे स्टॅम्प आणि भाड्याचे कायदे सांगावेत, आपण आपले. नवापूरच्या स्टेशनावर तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातमध्ये आहे, तरी गाडी रोज सुटते. एका सतरंजीवर बसून कायदे वाचणे त्याहून अवघड नाही.

माझ्यापुरते मी सुरू केले आहे. कोर्टाला सुट्टी असते त्या दुसऱ्या शनिवारी दुपारी माझ्या ऑफिसात चार तरुण वकील गुजराती दस्त वाचायला शिकतात. त्यातली एक मुलगी नंदुरबारहून गाडीने येते. आणखी सहा-सात जणांना बसायला जागा आहे, फी नाही. व्यापारीही आले तर आनंदच आहे. येताना सुरतचे एखादे जुने बिल सोबत आणावे, तळाच्या ओळीपासून सुरुवात करू.

आपली विश्वासू,
एक महिला वकील,
अमळनेर, जि. जळगाव