“काकू, बुडला!”

प्रिय ताई,

वयानं तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान, तरी ताईच म्हणते. नाव विचारायचं राहूनच गेलं. मंडळाच्या रक्तदान शिबिरात कॉफी-बिस्किटं देणारी काकू ती मी.

मे महिन्यातल्या त्या रविवारी तुमच्या बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जरा खाली गेला, घुटमळला आणि वर आला. रक्त द्यायला हिमोग्लोबिन 12.5 तरी लागतं, तेवढं असलं तरच थेंब बुडतो; तुमचं कमी भरलं. तुम्ही “बरं” म्हणालात, पण खुर्चीवरून लगेच उठला नाहीत. तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. माझा नऊ वर्षांचा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मापासूनच्या दोषामुळे त्याच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही. आम्ही नवरा-बायको दोघंही मायनर, म्हणजे तोच दोष आमच्यात सौम्य, आणि माझं हिमोग्लोबिन दहाच्या वर जातच नाही. पोटच्या पोराला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं आणि आईचा थेंब तरंगतो. तारीख जवळ आली की तो जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसतो, “खेळायचा कंटाळा आलाय” म्हणतो. कंटाळा कसला, ओठ पांढरे पडलेले असतात. रक्त चढलं की दुसऱ्या दिवशी तोच जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतो.

मे आम्हाला फार जड जातो. कॉलेजं बंद, माणसं गावाला, शिबिरं मोजकीच. लाल पेशी साठवून ठेवाव्यात म्हटलं तर त्या टिकतात 35 ते 42 दिवस. या मेमध्ये त्याची बॅग चार दिवस उशिरा मिळाली.

म्हणून गणपतीतल्या शिबिरात तुम्ही पुन्हा रांगेत दिसलात तेव्हा हातातला ट्रे ठेवून मी जवळ आले. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणावर चहा घ्यायचा सोडला, असं तुम्ही मैत्रिणीला सांगत होतात. थेंब पडला. आपण दोघी वाकून बघत होतो. तो सरळ तळाला गेला. “काकू, बुडला!” तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात की आरतीची तयारी करणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली.

350 मिलिलिटर. तुम्ही चेंडू दाबत होतात, बॅग डुलत डुलत भरत होती, दहा मिनिटांत झालंही. ती कुणाला गेली ते मला कधीच कळणार नाही. मुलाच्या बॅगेवर नंबर, रक्तगट, तारखा असतात, देणाऱ्याचं नाव नसतं. पण आता त्याच्या पलंगाशी बॅग टांगली की मला तुमचा आवाज ऐकू येतो.

एकदा परत पाठवल्यावर कितीतरी जणी पुन्हा फिरकत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही मात्र कुणा अनोळखी माणसासाठी चार महिने स्वतःच्या अंगात रक्त भरत राहिलात. ताई, तुमचे मनापासून आभार.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे. मंडळाच्या मागचीच चाळ, दुसरा मजला. नक्की या. मुलाचं रक्त त्याच्या दोन दिवस आधी चढलेलं असेल, तेव्हा तुम्हाला घ्यायला तोच खाली पळत येईल.

तुमची,
काकू