नाना, मी सातबारा बघितला

स्टॉकहोम, 4 मे 2025

ती. नाना आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, थंडी संपली, काल जॅकेट न घालता दुकानात जाऊन आले. तेव्हा रोज रोज "आंगवर गरम घालस का नही" विचारायचं आता ऑक्टोबरपर्यंत बंद. जेवण घरीच करते. कळण्याचं पीठ संपत आलंय, पण त्यासाठी कुणाला कुरियरच्या भानगडीत पाडू नका.

आखाजीला आले नाही यावर फोनवर पुरेसं बोलून झालंय, पुन्हा लिहीत नाही. भाऊने पाठवलेला झोक्याचा व्हिडिओ ऑफिसात जेवताना बघत बसले होते. शेजारच्या टेबलवरची बाई विचारायला लागली, म्हणून तिला खापरावरच्या पोळीचं सांगितलं. पालथ्या मडक्यावर हातभर मोठी पोळी भाजतात, हे तिला काही खरं वाटलं नाही.

नाना, तुम्ही विचारलंत की एवढ्या लांबच्या देशात हे लोक तुला कमी पगार देत असतील तर तुला कळणार कसं. कळतं. ते कसं, ते नीट सांगते, कारण मलाही पहिलं वर्षभर पटलं नव्हतं. इथे कुणाचंही उत्पन्न कुणालाही विचारता येतं. कर खात्याला फोन लावायचा, माणसाचं नाव सांगायचं. पलीकडची बाई शांतपणे त्याचं करपात्र उत्पन्न वाचून दाखवते, दुधाचा भाव सांगावा तसं. तुम्ही कोण, तुम्हाला कशाला हवंय, हे विचारायची तिला मुभाच नाही. उत्पन्नाच्या याद्यांची जाडजूड पुस्तकंसुद्धा दरवर्षी विकत मिळतात, भागाभागाची वेगळी. सरकारी कागद लोकांना उघडे ठेवायचा यांचा कायदा 1766 सालचा आहे. तेव्हा आपल्याकडे थोरल्या माधवरावांची पेशवाई होती.

मीही एकदा फोन केला. आधी स्वतःचंच नाव सांगून पाहिलं. बाईने आकडा बरोबर सांगितला आणि माझे कान गरम झाले. मग साहेबाचं नाव सांगितलं. माझ्या अडीचपट निघालं, मला वाटलं होतं दहापट तरी असेल. आई, तू म्हणशील, "पगार कोनले सांगू नको, नजर लागस." इथे मी सांगायची गरजच नाही.

शिवाय मी इथल्या युनियनमध्ये आहे. लगेच घाबरू नका, इथे युनियन म्हणजे गेटवरच्या घोषणा नाहीत. किमान वेतनाचा कायदाच नाही, मालक आणि युनियन समोरासमोर बसून दर ठरवतात. 1938 साली दोघांचा मोठा करार झाला, तो स्टॉकहोमजवळच्या साल्टशेबादेन नावाच्या गावातल्या हॉटेलात. मागच्या महिन्यात आम्ही तिथे फिरायला गेलो होतो. समुद्र, होड्या, पांढरं आलिशान हॉटेल. मजुरांचा करार इतक्या श्रीमंत जागी कसा झाला, असं मी विचारलं, तर कळलं की ते गावच वालेनबेर्ग घराण्यातल्या एकाने वसवलेलं.

या घराण्याचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही आयुष्यभर सोसायटीच्या निवडणुका लढवल्यात आणि हरलात. वालेनबेर्गांनी 1856 साली बँक काढली. 1916 साली एक गुंतवणूक कंपनी काढली, तिच्यामार्फत एरिक्सनसारख्या कितीतरी मोठ्या कंपन्यांत त्यांचा शब्द चालतो. घरातल्या माणसांच्या नावावर मात्र फारसं काही नाही, सगळं त्यांच्या प्रतिष्ठानांकडे, म्हणजे ट्रस्टकडे. ट्रस्ट विज्ञानाच्या संशोधनाला भरपूर पैसा देतो, लोक मान देतात, आणि तो खोटा मान नाही. पण हिशेब बघा. त्या गुंतवणूक कंपनीत ट्रस्टचं भांडवल पाव हिश्श्यापेक्षा कमी आणि मतं जवळपास निम्मी. कारण शेअर दोन जातींचे. एका जातीला एक मत, दुसऱ्या जातीला मताचा दहावा भाग. एरिक्सनमध्ये तर 2004 पर्यंत हजारावा भाग होता! आणि हे चोरून नाही, कंपनीच्या नियमांत छापलेलं. घराण्याचं बोधवाक्य आहे: असावं, दिसू नये.

आपल्या सोसायटीत उलटं. शेअर कितीही असोत, कागदावर एका सभासदाला एकच मत. तरी चेअरमनकी वाड्याबाहेर कधी गेली? पीककर्ज कुणाचं आधी मंजूर करायचं हे ज्यांच्या हातात, त्यांच्या विरोधात पेरणीच्या तोंडावर मत कोण देणार? तुमची अकरा मतं कुणाची होती ते तुम्हालाही माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांना खत मिळालं नव्हतं. मला हल्ली वाटतं, वालेनबेर्गांनी निदान लिहून तरी ठेवलंय.

आणि पगार दिसतो म्हणून इथे सगळं दिसतं असंही नाही. वारसा कर 2004 च्या शेवटी गेला, तोही मजुरांच्या पक्षाचं सरकार असताना. संपत्ती कर 2007 साली गेला. कर गेल्यावर कुणाकडे किती दौलत आहे याची नोंद ठेवायचं कामच सरकारला उरलं नाही. म्हणजे बस ड्रायव्हरची कमाई फोनवर कळते, पण आजोबांकडून कुणाला किती आलं ते कळत नाही. आपल्याकडे कुणाची कमाई विचारली तर भांडण होईल, पण सातबारा गावभर उघडा. आणि खरं वजन जमिनीचंच, हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं.

अमळनेरचंच घ्या ना. 1945 साली प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी तेव्हाचे शेअर पेटीत तसेच ठेवले त्यांच्या घरच्या गोष्टी आपण दर दिवाळीला ऐकतो, आणि दर दिवाळीला तुम्ही आबांवर चिडता की म्हाताऱ्याला अक्कल नव्हती. नाना, आबांना अक्कल होती. त्यांच्याकडे शेअर सोडून विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि फुईचं, तुमच्या बहिणीचं, लग्न ठरलेलं होतं. ज्यांना पोरीचं लग्न शेअर न विकता करता आलं, ते कोट्यधीश झाले. त्यात हुशारी थोडी असेल, पण मुळात त्यांना थांबणं परवडलं.

आता जे लिहायचं म्हणून बसले होते ते. गेल्या रविवारी मी महाभूलेखवर आपला गट नंबर टाकला. उगाच, आठवण आली म्हणून. बोरीकाठच्या शेताच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कात, चार लाखांचा नवा बोजा चढलाय. फेब्रुवारीतला. तुम्ही फोनवर केळीचे भाव सांगितलेत, बैलाचं दुखणं सांगितलंत, हे नाही सांगितलंत. पतसंस्थेतली ठेव बुडाली तेव्हाही आम्हाला वर्षाने कळलं होतं.

हे धुळ्याच्या स्थळासाठी असेल तर ऐका. त्यांनी भाऊला माझं "पॅकेज" विचारलं, ठीक, हवं तर त्यांना स्वीडनच्या कर खात्याचा नंबर द्या. मुलाशी मी दोनदा बोलले, बरा वाटला, अजून हो म्हटलेलं नाही. पण हो म्हटलं तरी हॉल, मानपान, दोन हजार पानं, यातलं काही नको. लग्नाचं मी बघेन. दोन लाख याच आठवड्यात भाऊच्या खात्यावर टाकते, बाकीचे दिवाळीपर्यंत. सोसायटीत भरून बोजा उतरवून घ्या, आणि तलाठ्याकडे नोंद झाली की मला सांगू नका, मी बघेन. बोरीकाठचं विकायचं नाही.

माझंही एक राहिलंय. इथे कायमचं राहण्याचा अर्ज मी मार्चमध्ये भरला. कायमचं म्हणजे कायमचंच असं नाही, व्हिसाची दरवेळची कटकट वाचते एवढंच. त्या दिवशी फोनवर सांगणार होते, पण आई आढीतल्या आंब्यांचं सांगत होती आणि तिला मध्येच तोडवलं नाही. दिवाळीला नक्की येते. तिकीट अजून काढलं नाही, पण येते.

आईला आणि भाऊला प्रेम.

तुमची,
ताई

ता. क. पत्र फुईसमोर वाचाल तर विप्रोचा भाग गाळा.