हवामानाचा नकाशा प्रौढ वर्गात शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.

जून लागला की ज्याच्या त्याच्या मोबाईलवर हवामानाचे नकाशे येऊन पडतात, लोक ते पुढे ढकलतात नि मग पारावर बसून वाद घालतात की पाणी येणार का नाही. नकाशा बरोबर असतो हो, तो वाचायला कोणी शिकवलेलंच नसतं. मी चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावात 'उल्लास'च्या साक्षरता वर्गावर स्वयंसेवक आहे. १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी ही योजना, त्यात पैशाचे व्यवहार नि मोबाईल वापरणंही येतं, मग हवामानाचा नकाशा का नको एवढंच माझं म्हणणं.

सगळ्यात मोठा घोळ रंगांचा. हवामान खात्याच्या इशाऱ्याच्या नकाशात जळगाव जिल्हा नारिंगी दिसला की लोकांना वाटतं आता धो धो कोसळणार, आणि नाही कोसळला की पुढच्या वेळी कोणी बघतही नाही. तो रंग सावध किती राहायचं ते सांगतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. इशारा विजांचा किंवा वाऱ्याचाही असू शकतो, आणि केळीवाल्याला तर पावसापेक्षा वाऱ्याचीच धास्ती जास्त. त्यात मुक्ताईनगरपासून अमळनेरपर्यंत १५ तालुक्यांना मिळून रंग एकच. आमच्या वर्गातल्या एका आबांनी मोबाईल समोर धरला, "इतला लाल शे, मंग पानी कोठे शे?" बघितलं तर तो तापमानाचा नकाशा, तोही मे महिन्यातला, कोणीतरी शिळाच फॉरवर्ड केलेला! म्हणून आता पहिला धडा हाच, आधी वरची ओळ नि तारीख वाचायची, मग कोपऱ्यातली रंगांची पट्टी, मग आपला जिल्हा शोधायचा. अक्षरं नुकती जुळायला लागलेल्या माणसालाही हे जमतं, आणि वाचायला काहीतरी कामाचं मिळतं.

समदाब रेषा, म्हणजे हवेचा दाब सारखा असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, हे नाव ऐकून शिकलेलेही बिचकतात, पण आम्ही कोऱ्या नकाशावर ठिकठिकाणी दाबाचे १००२, १००४, १००६ असे आकडे लिहून देतो आणि सारखे आकडे पेन्सिलने जोडायला लावतो. एका ताईंनी जोडून झाल्यावर स्वतःच विचारलं, इथे लायनी एवढ्या दाटल्या का? तर जिथे दाटल्या तिथे वारा जोराचा. मग सगळ्यांना अंगणात नेऊन वाऱ्याकडे पाठ करून उभं करायचं, कमी दाब डाव्या हाताला. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे डावा हात राजस्थान-पाकिस्तानकडे, आणि तिथेच कमी दाब असतो.

पण तापीकाठच्यांना खरा कामाचा नकाशा आपल्या जिल्ह्याचा नाहीच. तापी उगवते मुलताईला, बैतूल जिल्ह्यात, बऱ्हाणपूरवरून खाली येते, चांगदेवला पूर्णा मिळते आणि मग हतनूर धरण. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशावरून पश्चिमेला सरकलं की पाऊस पडतो तिकडे, दरवाजे उघडतात हतनूरचे, आणि आमच्याकडे चक्क ऊन पडलेलं असताना नदी चढते. काठावर मोटार टाकलेल्या माणसाला बैतूल-बऱ्हाणपूरवर बोट ठेवता आलं तर मोटार वेळेत वर काढता येते, एवढा साधा हिशोब आहे.

उपग्रहाच्या फोटोवरची वेळ पण शिकवावी लागते, बऱ्याचदा ती जागतिक वेळ असते, ०३:०० दिसलं तर साडेपाच तास मिळवायचे म्हणजे आपले सकाळचे साडेआठ.

आता तुमच्याकडे मागणं. पेपरात नकाशा छापता ते चांगलंच, पण तो बोटाएवढा असतो. जरा मोठा छापा, कोणत्या तारखेचा ते लिहा, आणि पावसाचा आकडा कालच्या सकाळी साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा असतो तेही खाली टाका, नाहीतर लोक कालचा पाऊस आजच्या खात्यात धरतात. आणि आमच्याकडे येणारी आतली पानं ब्लॅक अँड व्हाईट, त्यात नारिंगी नि लाल दोन्ही सारखेच काळपट दिसतात, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यावर हि, पि, ना, ला असं एक अक्षर टाका. तेवढं आमच्या वर्गातल्या सगळ्यांना वाचता येतं.

आपला,
एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव