राजाला घराबाहेर काढू नकोस

नौपाडा, ठाणे
१४ जुलै

प्रिय मंजू,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या कुत्र्याची, राजाची, लूत सगळ्यांना लागेल असं सोसायटीवाले कितीही म्हणोत, त्याला घराबाहेर काढू नकोस. डॉक्टरांनी सांगितलेला डेमोडेक्स, म्हणजे कुत्र्याच्या लुतीचा हा किडा, माणसांना लागत नाही आणि धडधाकट कुत्र्यांनाही सहसा त्रास देत नाही.

हा गोचिडीच्या जातकुळीतला, आठ पायांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा. केसाच्या मुळाशी राहतो. पिल्लू पहिले दोन-तीन दिवस आईला पितं, तेव्हाच तो तिच्याकडून येतो आणि मग जन्मभर बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. प्रत्येक प्राण्याचा डेमोडेक्स आपापला: शेळीचा वेगळा, गाईचा वेगळा, मांजराचा वेगळा. माणसाचे तर दोन प्रकार. तुझ्या-माझ्या भुवयांतही असतील! कुत्र्याच्या पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी पडली की या किड्यांची संख्या वाढते आणि केस झडतात. जंत, उपासमार, कधी आनुवंशिकता, ही खरी कारणं.

आमच्या बिल्डिंगखालच्या भुरीला हेच झालं होतं. डोळ्यांभोवती चष्म्यासारखं टक्कल. डॉक्टरांनी तिची कातडी चिमटीत दाबली, बोथट पात्याने रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडली आणि तेलाच्या थेंबात काचेवर घेतली. मायक्रोस्कोपखाली लांबोडकी अंगं, पुढच्या बाजूला आखूड पाय, तेही वळवळणारे! ही तपासणी राजाची झाली ना? नसेल तर आधी कर. माणसालाही खाज देणारी, पसरणारी लूत वेगळ्या किड्याची असते, आणि सोसायटीवाले नेमका तिथेच घोळ घालतायत.

औषध डॉक्टरांच्या हातूनच. आता फ्लुरालानेरसारख्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात, गुण छान येतो. आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने देऊ नकोस, कोलीसारख्या जातींच्या जिवावर बेततं ते. स्टेरॉइड तर नकोच, त्याने प्रतिकारशक्ती आणखी खचते. आणि कुणी गाडीचं जळकं ऑइल चोपडायला सांगितलं तर सरळ हाकलून दे. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. रस्त्यावरच्या मुक्या जिवांचे असे हाल बघवत नाहीत गं.

केस आले म्हणून औषध थांबवू नकोस. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून किडे दिसले नाहीत, मगच बंद. अंगभर पसरलं असेल तर पुढे नसबंदी करून घे, पिल्लांत उतरायला नको.

शनिवारी मी ऐरोलीला येते. सेक्रेटरींना दोघी मिळून भेटू. तपासणीचा कागद तेवढा काढून ठेव.

तुझी,
सुमन