पत्रकात कुत्र्याविषयीही चार ओळी छापा

महोदय,

डिसेंबरात मला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, जानेवारीत केमो सुरू झाली. त्याआधी रुग्णालयानं एक छापील पत्रक दिलं. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, लग्नातली गर्दी, सगळ्याविषयी त्यात सूचना होत्या. घरात कुत्रं-मांजर असेल तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे जे घडलं, ते इतरांकडे घडू नये म्हणून हे पत्र.

आमचा खंड्या गावठी, सहा वर्षांचा. त्याची खोड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. घरी कोणी आलं की त्यांची डावी चप्पल उचलायची आणि परसात तुळशीपाशी नेऊन ठेवायची. उजवीला तो तोंड लावत नाही, डावी कधी फाडत नाही. केमोच्या दिवशी आम्ही पहाटे पाचला निघायचो. तेव्हा माझी डावी चप्पल हमखास तुळशीपाशी असायची, आणि खंड्या तिच्यावर हनुवटी टेकून पडलेला.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी ताप १०१ वर गेला. न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १५०० तरी हव्यात, माझ्या ३०० होत्या. चार दिवस ॲडमिट होते. नातेवाइकांनी ठरवून टाकलं की हे कुत्र्यामुळेच. धाकटे दीर त्याला तासगावजवळच्या मळ्यात सोडून आले, तेही बेदाण्याच्या हंगामात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, थोड्यानंही जिवावर बेतू शकतं. आमच्या भागात दारोदार बेदाणा असतो, पण हे फार थोड्यांना माहीत आहे. मला कळलं तेव्हा हाताला सलाईन होतं. मी रात्रभर रडले.

सकाळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पेशी इतक्या घसरल्या की बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले, तोंडातले, त्वचेवरचे जंतू डोकं वर काढतात. कुत्र्याला घालवायची गरज नाही, काळजी घ्या. रेबीजची लस आणि जंताचं औषध झालंय ना, एवढं त्यांनी आधी विचारलं. दोन्ही झालं होतं. यजमान त्याच संध्याकाळी मळ्यावर गेले आणि खंड्याला घेऊन आले.

सांगितलेलं काही अवघड नव्हतं. त्याची घाण यजमान काढू लागले. त्याला हात लावला की मी साबणानं हात धुते. तोंड किंवा सुईची जागा चाटू देत नाही. त्याला कच्चं मांस बंद. केमोनंतर ४८ तास औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडत असतं, म्हणून तेवढे दिवस संडासाचं दार बंद आणि उलटीचं भांडं लगेच धुवायचं. हे मला पहिल्या दिवशीच का सांगितलं नाही? मी विचारलं नाही, हे खरं. पण त्या दिवशी विचारायचं सुचतं कोणाला?

ज्यांच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आहेत, त्यांचं काय होत असेल? शेण काढणाऱ्या बाईला केमो चालू असताना गोठ्यात जावं की नाही, हे कोण सांगतं? माझी सगळ्या कर्करोग रुग्णालयांना विनंती आहे की पत्रकात जनावरांविषयी चार ओळी मराठीत छापा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून छापा.

सोमवारपासून माझं रेडिएशन सुरू होतंय. या वेळी मी आधीच विचारलं. मशीननं बाहेरून दिलेल्या किरणांनी अंगातून काही बाहेर पडत नाही, खंड्याजवळ बसायला हरकत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्यांना मात्र काही दिवस माणसांपासून आणि जनावरांपासूनही लांब राहावं लागतं. तेही त्या पत्रकात यायला हवं.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)