रीफ फिशिंगच्या नावाखाली चिखलावर काढलेली रात्र : तक्रार पत्र

दिनांक : 9 फेब्रुवारी
सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
सागरी मासेमारी सहल

विषय : देवगड येथील रात्रभराच्या ‘रीफ फिशिंग’ सहलीत दिलेली सदोष सेवा आणि आंशिक परताव्याची मागणी.

महोदय,

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही नऊ मित्र आपल्या सहलीला आलो होतो. दुसरा शनिवार मुद्दाम निवडला, कारण आमच्यातले दोघे बँकेत आहेत. माणशी 4,500 रुपयांप्रमाणे 40,500 रुपये आणि रॉडचे भाडे 1,800 रुपये वेगळे, असे 42,300 रुपये आम्ही भरले. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले : “सर, समुद्र आहे. मासे मिळणं न मिळणं नशिबाचा भाग. अटींमध्ये लिहिलंय.”

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मासे मिळाले नाहीत ही आमची तक्रार नाही. आम्ही कृष्णाकाठची माणसे आहोत. हरिपूरला संगमावर पहाटे चारला गळ टाकून बसायचे आणि दहाला रिकामी पिशवी घेऊन भडंग खात घरी यायचे, हे आम्ही पंचवीस वर्षे करतो आहोत. मरळ लागली तर लागली, नाहीतर वाम, नाहीतर नुसते ऊन. त्यावर आजवर आम्ही कोणाकडे पैसे परत मागितलेले नाहीत. आपण ज्या तक्रारीला उत्तर दिलेत ती तक्रार आम्ही केलेलीच नाही.

तक्रार अशी आहे की, जिथे नेतो म्हणून पैसे घेतलेत तिथे आपण आम्हाला नेले नाही. आणि जिथे नेले तिथे रात्रभर आमच्या जिवाची काळजी घेण्याची साधने बोटीवर नव्हती.

आपल्या जाहिरातीत आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या माहितीपत्रकात लिहिले आहे : किनाऱ्यापासून साधारण 22 किलोमीटरवर समुद्रातला खडक, 15 ते 20 वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाणी, हेकरू आणि तांबोशी या माशांची जागा, संध्याकाळी पाचला निघून सकाळी सातला परत. त्याच पत्रकावर प्रवाळाचा एक रंगीत फोटो आहे आणि खाली ‘आंग्रिया बँकेची झलक’ असे शब्द आहेत. ही झलक कुठून दिसणार होती ते कळले नाही. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा तो प्रवाळाचा उंचवटा विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे. आपल्या बोटीचा वेग सात नॉट, म्हणजे ताशी साधारण 13 किलोमीटर, धरला तरी एका बाजूचे आठ तास होतात. पाचला निघून सातला परत येणाऱ्या बोटीच्या जाहिरातीत त्या नावाचे काय काम? शिवाय प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. त्याच्यावर नांगर टाकून गळ सोडायची आमची इच्छाही नाही. आम्हाला साधे कोकणातले खडप, म्हणजे समुद्रातला खडक, हवे होते.

गगनबावड्याच्या बाजूने घाट उतरून आम्ही चार वाजता बंदरावर हजर होतो. बोट सव्वासहाला आली. उशीर होतो, त्याचे काही नाही. पण सव्वासहाला निघालेली बोट पावणेसातला नांगर टाकून उभी राहिली. अर्ध्या तासात 22 किलोमीटर! आमच्यातल्या एकाने फोनवर जागा पाहिली तर किनारा 4 किलोमीटर 200 मीटरवर. देवगडच्या दीपगृहाचा झोत रात्रभर ठरावीक वेळाने आमच्या तोंडावरून फिरत होता. तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, विचारले तर म्हणाले, “खाली खडपच आसा, गरवा तुम्ही.”

आता खडकाचे बघू. बोटीवरचा फिश फाइंडर बंद होता, त्यामुळे आम्ही जुन्या पद्धतीने पाणी मोजले. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, शिशाचा गोळा बांधून तळाला सोडला आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून वाव मोजले. आठ भरले, म्हणजे 48 फूट. पत्रकात लिहिलेल्या खोलीच्या निम्मेच. पण खरी गोष्ट खोलीची नाही. आमचा एक मित्र दहा वर्षे रत्नागिरीला नोकरीला होता आणि तिथल्या लोकांबरोबर खडपावर गरवलेला, म्हणजे गळाने मासे धरलेला, आहे. तो सांगतो की, खडकावर शिसे पडले की तंगुसातून बोटाला ‘टक्’ असे कळते. इथे काहीच कळत नव्हते. शिसे जायचे, जायचे आणि कुठेतरी मऊ थांबायचे. वर ओढताना सुरुवातीला जरा जड यायचे, पायातून चप्पल चिखलात राहावी तसे, आणि मग सुटायचे. पहिला गोळा वर आला तेव्हा बॅटरीच्या उजेडात पाहिले. खालच्या अर्ध्या भागाला काळपट राखाडी गाळ, लोण्यासारखा, बोटाने निपटला तर नखात राहणारा. आमच्या हळद व्यापारी मित्राने तो हुंगला आणि म्हणाला, “अवो तांडेल, ह्यो तर आमच्या हरिपूरच्या डोहातला गाळ हाय की!” सगळे हसले. तांडेल हसले नाहीत.

आणखी एक हिशेब देतो. खडकावर गळ अडकतात, तंगूस तुटतो, शिसे जाते. रत्नागिरीवाल्या मित्राने बजावले होते की, निम्मे तरी जाणार म्हणून भरपूर घ्या. आम्ही सांगलीतून 40 गोळे नेले. परत आणले 37. एक हातातून निसटला आणि दोन आपल्याच नांगराच्या दोराला गुंतले. नऊ माणसांनी रात्रभर गळ सोडले आणि तळाला एकदाही काही अडकले नाही, असा खडक असतो का?

मिळाले काय तर चार शिंगाळे आणि दोन ढोमे. दोन्ही चिखलातले मासे. शिंगाळ्याचा काटा आमच्या मास्तरांच्या तळहातात गेला आणि त्यांचा हात मनगटापर्यंत सुजला. बोटीवर प्रथमोपचाराची पेटी होती. तिच्यात कापूस आणि एक रिकामी बाटली होती. शेवटी तरुण खलाशाने स्टोव्हवर पाणी तापवून, सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, त्याने कळ उतरली. हा मुलगा आणि दुसरा खलाशी, दोघेही मनाने फार चांगले. त्यांच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही आणि या पत्रामुळे त्यांच्या पगाराला कात्री लागू नये, हे मुद्दाम लिहितो.

जेवण मालवणी थाळीऐवजी थंड पुलाव होता. सोडून द्या.

लाइफ जॅकेटचे मात्र सोडता येणार नाही. आम्ही नऊ, तांडेल आणि दोन खलाशी मिळून बारा माणसे. जॅकेटे सहा. त्यातल्या दोन जॅकेटांच्या क्लिपा तुटलेल्या, त्या सुतळीने बांधा म्हणून सांगितले. एक लहान मुलाचे, ते आमच्या 95 किलोच्या मित्राच्या वाट्याला आले. त्याने ते डोक्याखाली उशी म्हणून घेतले, कारण दुसरा काही उपयोग नव्हता. आपल्या कार्यालयातून मला सांगण्यात आले की, “समुद्र शांत असतो त्या दिवसांत, काळजी नको.” साहेब, आम्ही सांगलीचे आहोत. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आले ते विचारतात. 2019 च्या पुरात आमच्याच जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटली. किती माणसे गेली ते आम्ही अजून विसरलेलो नाही. नावेत माणसे जास्त आणि जॅकेटे कमी म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून बोटीत पाय ठेवताच मी जॅकेटे मोजली आणि तांडेलांना विचारले. उत्तर आले, “बाकीची दुसऱ्या बोटीवर गेली.” त्याच क्षणी आम्ही उतरायला हवे होते. उतरलो नाही, ही आमची चूक, आणि ती कबूल करतो. पाच तास गाडी चालवून आलेली नऊ माणसे अशा वेळी माघार घेत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक असणार.

रात्री अकरानंतर आमच्या बँकेतल्या एका मित्राला बोट लागली. नांगरलेली बोट लाटेला आडवी झाली की चालत्या बोटीपेक्षा जास्त डुलते. त्याला काठाशी धरून बसवायला दोघे लागत होते. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी लागते, नंतर पोटात राहत नाही. बुकिंग करताना एका वाक्यात हे सांगितले असते तर त्याची रात्र वाचली असती.

आणि आता पहाटे पावणेतीनची गोष्ट. तांडेल आणि खलाशी झोपले होते. बोटीवर एकही दिवा नव्हता. बॅटरी उतरते म्हणून बारा वाजताच मालवला होता. रात्री नांगरून उभ्या असलेल्या बोटीवर चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा हवा, हा जगभरच्या समुद्रातला नियम आहे. मी जागा होतो. आधी इंजिनाचा आवाज आला, मग काळोखात एक हिरवा आणि एक लाल दिवा दिसला. दोन्ही एकदम दिसतात म्हणजे समोरची बोट सरळ आपल्याच अंगावर येते आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. रत्नागिरीवाल्याला माहीत होते. तो ओरडला आणि आम्ही सगळ्यांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावून हात वर केले. पाच-सहा मोबाईल, एक आजारी माणूस आणि नऊ जणांचा आरडाओरडा. तो ट्रॉलर इतक्या जवळून वळला की त्यावरच्या माणसाने आम्हाला दिलेली शिवी आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू आली. त्याचे काही चुकले नाही.

त्यानंतर आम्ही वायरलेस कुठे आहे म्हणून विचारले. संच होता, चालू नव्हता. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक बोटीवर कुठेही लिहिलेला नव्हता. उरलेली रात्र कोणी गळ टाकला नाही. आळीपाळीने पहारा केला, एकाच्या हातात बॅटरी, एकाचे कान समुद्राकडे. मतलई वाऱ्याने थंडी वाजत होती आणि दीपगृहाचा झोत आपला फिरतच होता.

आमची मागणी आता सांगतो. पूर्ण पैसे मागत नाही. बोट आली, डिझेल जळले, खलाशांनी राबून दिले. पण 22 किलोमीटरचे पैसे घेऊन 4 किलोमीटरवर उभे केलेत, म्हणून माणशी 2,500 प्रमाणे 22,500 रुपये परत करावेत. रॉडचे 1,800 रुपयेही, कारण सहापैकी चार रॉडचे रीळ अडकत होते आणि आम्ही शेवटी हातानेच तंगूस सोडत होतो. त्या बोटीच्या नोंदणीची, प्रवासी नेण्याच्या परवान्याची आणि ‘विमा समाविष्ट’ असे लिहिलेत त्या विम्याची प्रत द्यावी. आणि माणशी एक धड जॅकेट, चालू वायरलेस व रात्रभर जळणारा दिवा असल्याशिवाय ही बोट पुन्हा प्रवासी घेऊन निघणार नाही, असे लेखी कळवावे. पैशांपेक्षा हे शेवटचे आम्हाला जास्त हवे आहे, कारण पुढच्या शनिवारी त्या बोटीत दुसरे कोणीतरी नऊ जण असतील.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे त्यासाठी आम्हाला घाट उतरावा लागणार नाही. आमच्या नऊ जणांत एक वकील आहेत. बोट लागलेले ते नव्हेत. ते रात्रभर शांतपणे सगळे टिपून घेत होते.

पैसे भरल्याच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे माहितीपत्रक, फोनवरच्या जागेचे वेळेसह फोटो आणि सहा जॅकेटांचा एकत्र फोटो सोबत जोडला आहे. शिवाय प्लास्टिकच्या पिशवीत शिशाचा एक गोळा ठेवला आहे. त्याला लागलेला गाळ आता वाळून पांढरट झाला आहे, पण आम्ही तो धुतलेला नाही. असेच आणखी दोन आमच्याकडे आहेत.

कळावे,

आपला,
बुकिंग करणारा ग्राहक
(सर्व नऊ जणांच्या सह्यांसह)